सूर उमटला म्हणजे पॅड तयार झाले असे नव्हे

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या तंत्रज्ञान पुरवणीत घरच्या घरी मिडी कंट्रोलर, म्हणजे पॅडवर बोटांनी वाजवून संगणकाला सुरांच्या सूचना पाठवणारे उपकरण, तयार करण्याविषयीचा लेख वाचला. साहित्याची यादी, वायरींची जोडणी आणि प्रोग्राम चढवण्याची कृती हे सारे त्यात नेटके होते; परंतु पॅडला बोट लावताच संगणकातून सूर उमटला आणि तेथेच लेख संपला. वादकाच्या दृष्टीने खरे काम तेथून सुरू होते, आणि ते काम स्पर्शाच्या मोजमापाचे आहे. त्याविषयी थोडे सविस्तर लिहीत आहे.

इलेक्ट्रॉनिक वाद्ये आणि संगणक यांच्यातील संवादासाठी 1983 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मिडी मानकात ध्वनी वाहून नेला जात नाही, केवळ सूचना वाहून नेल्या जातात. सूर सुरू करण्याची सूचना तीन बाइटची असते: सूचनेचा प्रकार आणि चॅनेल, सुराचा क्रमांक आणि आघाताचा वेग. हा वेग 1 ते 127 या पायऱ्यांत सांगावा लागतो. 0 पाठवला तर तो सूर थांबवण्याचा आदेश समजला जातो. बोटाने हळुवार स्पर्श केला की जोरात ठोका दिला, हे पुढच्या सिंथेसायझरला, म्हणजे प्रत्यक्ष ध्वनी निर्माण करणाऱ्या यंत्राला किंवा प्रोग्रामला, एवढ्या एकाच आकड्यावरून कळणार असते, आणि तो आकडा कसा काढायचा हे कंट्रोलर बनवणाऱ्यालाच ठरवावे लागते.

बोट पॅडला लागणे, बोटाने आघात करणे आणि आघातानंतर बोट दाबून धरणे या तीन वेगळ्या क्रिया आहेत. एकच सेन्सर तिन्ही क्रिया सारख्याच अचूकपणे टिपेल अशा समजुतीने पुष्कळ जण साहित्य गोळा करतात आणि नंतर दोष प्रोग्रामला देत बसतात.

आघातासाठी पिझो चकती उत्तम. पिएर आणि जाक क्युरी या बंधूंनी 1880 मध्ये दाखवून दिलेल्या गुणधर्मावर ती चालते: दाब बदलला की तिच्यात विद्युतभार निर्माण होतो. मात्र बोट स्थिर दाबून ठेवले की हा भार ओसरतो, म्हणून लांबवलेल्या सुराला दाब कमीजास्त करून कंप देण्याचे काम पिझोकडून होत नाही. जोरदार ठोक्याने तिच्यातून कित्येक व्होल्टचा झटका येतो, तो ऋण दिशेलाही जातो, आणि मायक्रोकंट्रोलरची, म्हणजे सेन्सर वाचणाऱ्या छोट्या संगणक-चिपची, पिन मात्र 5 किंवा 3.3 व्होल्टच्या आतच सुरक्षित असते. चकतीच्या दोन टोकांमध्ये 1 मेगाओहमचा रोध (रेझिस्टर), पिनकडे जाणाऱ्या वाटेवर आणखी एक रोध आणि व्होल्टेज आवाक्यात ठेवणारे डायोड हा भाग त्यामुळे अत्यावश्यक ठरतो. अनेक आकृत्यांतून नेमका तोच गाळलेला असतो, आणि आपल्याकडील लेखातील आकृतीही त्याला अपवाद नव्हती.

एकच ठोका जवळून पाहिला तर अडचण कोठे आहे ते दिसते. बोट पडताच व्होल्टेज एक-दोन मिलिसेकंदांत वर चढते, खाली येते आणि लहान होत जाणारे हेलकावे घेत राहते. ठोका मानण्यासाठी ठरवलेली मर्यादा ओलांडल्यावर मिळालेल्या पहिल्याच आकड्याला वेग मानले, तर शिखर गाठण्याआधीचाच कोणता तरी आकडा हाती लागतो आणि अगदी सारखे दिलेले दोन ठोके एक ठसठशीत, एक दबका असे ऐकू येतात. उलटपक्षी, शिखराची फार वेळ वाट पाहिली तर सूर मागे पडतो, आणि हा विलंब 10 मिलिसेकंदांच्या आसपास पोहोचला की कसलेल्या वादकाला तो खटकू लागतो. व्यवहारात मर्यादा ओलांडल्यापासून 2 ते 3 मिलिसेकंद सर्वांत मोठा आकडा शोधावा, सूर पाठवावा आणि त्यानंतरचे 30 ते 50 मिलिसेकंद त्या पॅडकडे दुर्लक्ष करावे. हा शेवटचा काळ कमी ठेवला तर एका ठोक्याचे दोन सूर निघतात, जास्त ठेवला तर जलद वाजवलेले ठोके गिळले जातात. तो प्रत्येक पॅडसाठी, खालचा फोम किती मऊ आहे हे पाहून, कानानेच ठरवावा लागतो.

यातच पॅडच्या संख्येचा प्रश्न दडलेला आहे. रॉजर लिन यांनी आकाई कंपनीसाठी आखलेल्या, 1988 सालच्या एमपीसी 60 या यंत्रावर 16 पॅड होते, आणि तेव्हापासून चार ओळींत चार पॅड ही मांडणी जणू नियमच होऊन बसली आहे. आर्डुइनो उनो या मायक्रोकंट्रोलर बोर्डाला एक अ‍ॅनालॉग वाचन, म्हणजे पिनवरील व्होल्टेजचे एक मोजमाप, करायला सुमारे 100 मायक्रोसेकंद लागतात. 16 पॅडची एक फेरी त्यामुळे 1.6 मिलिसेकंदांची होते आणि एखाद्या ठोक्याचे शिखर दोन वाचनांच्या मधे सहज निसटते. शिवाय एकाच पिनला अनेक पॅड आळीपाळीने जोडणारा मल्टिप्लेक्सर लावला तर आधीच्या पॅडचा उरलासुरला भार पुढच्या वाचनात डोकावतो. पहिल्या प्रयत्नात चार पॅड करावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. ते नीट बोलू लागले की बाकीचे वाढवता येतात.

दाब मोजायचा असेल तर दाबानुसार रोध बदलणारा सेन्सर घ्यावा किंवा वेलोस्टॅटपासून पॅड तयार करावे. वेलोस्टॅट म्हणजे कार्बनमिश्रित काळे प्लास्टिक; स्थिर विजेपासून नाजूक सुटे भाग वाचवण्यासाठी त्याच्या पिशव्या वापरल्या जातात. तांब्याच्या दोन पट्ट्यांमध्ये त्याचा तुकडा ठेवला की पॅड झाले. वायर मात्र तांब्याला आधी सोल्डर करून घ्यावी आणि पट्टी गार झाल्यावरच वेलोस्टॅट ठेवावे, कारण त्या उष्णतेने ते आक्रसते किंवा वितळते. आणि त्याच्या तुकड्याच्या कडा पट्ट्यांबाहेर थोड्या राहू द्याव्यात, नाहीतर दोन्ही पट्ट्या कडेला एकमेकींना टेकतात. अशा पॅडचा स्वभाव चमत्कारिक असतो. पहिल्या हलक्या दाबाला रोध झपाट्याने उतरतो आणि पुढे कितीही जोर लावला तरी फारसा हलत नाही. बोट उचलल्यावरही तो लगेच मूळ जागी परतत नाही. सेन्सरचे 0 ते 1023 हे आकडे सरळ भागाकाराने 127 पायऱ्यांत बसवले, तर वादकाला मधल्या पायऱ्या जवळजवळ सापडतच नाहीत. येथे आकडे असमान पायऱ्यांत बसवणारी वक्ररेषा लागते, आणि दाबाचा आकडा खरोखर बदलला तरच सूचना पाठवण्याचा संयमही लागतो. जुन्या पाच पिनांच्या मिडी वायरीतून सेकंदाला 31,250 बिट जातात, म्हणजे तीन बाइटच्या एका सूचनेला जवळपास 1 मिलिसेकंद लागतो; दाबाच्या निरर्थक सूचनांची रांग लागली तर सूर त्यांच्यामागे खोळंबतो.

तिसरा मार्ग कपॅसिटिव्ह स्पर्शाचा. बोट जवळ आले की तांब्याच्या पट्टीची धारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) बदलते आणि चिप तो बदल ओळखते. एमपीआर 121 ही चिप 12 पट्ट्या सांभाळते आणि ईएसपी 32 या मायक्रोकंट्रोलरच्या मूळ आवृत्तीत अशा स्पर्शासाठी 10 पिन आहेत. जोर अजिबात लावावा लागत नाही हा या मार्गाचा गुण, आणि जोर कळतच नाही ही त्याची मर्यादा. बोटाचा किती भाग टेकला यावरून काही अंदाज बांधता येतो, परंतु त्याला वेग म्हणणे धाडसाचे आहे. घामेजलेले बोट, लांब वायर, दमट हवा, इतकेच काय, लॅपटॉप बॅटरीवर चालतो आहे की चार्जरवर, यानेही आकडे सरकतात. म्हणून स्पर्श मानण्याची मर्यादा वरची आणि सुटका मानण्याची खालची अशा दोन मर्यादा ठेवाव्यात, नाहीतर काठावर रेंगाळणाऱ्या बोटामुळे सूर थरथरत राहतो. यंत्र सुरू होताना पट्ट्यांवर हात ठेवू नये, हेही प्रत्येक लेखात ठळकपणे सांगायला हवे. त्या क्षणी चिप मूळ आकडा ठरवत असते.

हा मार्ग मला विशेष महत्त्वाचा वाटतो तो वेगळ्याच कारणासाठी. बाजारातील पॅडची संवेदनशीलता निर्मात्याने कल्पिलेल्या सर्वसाधारण हाताला धरून ठरलेली असते, आणि ती बदलण्याची सोय असली तरी ठरावीक पर्यायांपुरतीच असते. संधिवाताने बोटे ताठरलेली व्यक्ती, ज्याच्या हातात जोर नाही असा मुलगा, किंवा तळव्याच्या कडेनेच वाजवू शकणारा वादक यांना त्या पर्यायांत जागा मिळेलच असे नाही. घरी बनवलेल्या कंट्रोलरमध्ये पट्टीचा आकार, स्पर्शाची मर्यादा आणि वेगाची वक्ररेषा हे तिन्ही त्या एका हाताला बेतता येते. घरगुती कंट्रोलरचे समर्थन करायचे तर मी ते याच मुद्द्यावर करीन. काटकसरीचा मुद्दा त्यामानाने दुबळा आहे, कारण दोन-तीन चुकीचे सेन्सर घेतले की तो निकालात निघतो.

प्रत्येक बोटाला स्वतंत्र दाब आणि मींड देणारी एमपीई पद्धत 2018 मध्ये मिडीच्या मानकांत दाखल झाली आणि 2020 मध्ये जाहीर झालेल्या मिडी 2.0 मध्ये वेगाच्या 127 पायऱ्यांच्या जागी 65 हजारांहून अधिक पायऱ्या आल्या. ज्या पॅडला हलका आणि मध्यम ठोका यांतला फरकच ओळखता येत नाही, त्याला या वाढीव पायऱ्यांचा काहीही उपयोग नाही.

पुरवणीत या विषयावर पुढचा लेख येणार असल्यास लेखकांनी मिडीची जोडणी करण्याआधी सेन्सरचे कच्चे आकडे संगणकाच्या पडद्यावर दाखवणारा छोटा प्रोग्राम द्यावा, आणि हलका ठोका, जोरदार ठोका, दाबून धरलेले बोट व शेजारच्या पॅडवर पडलेला ठोका या चारही वेळी ते आकडे कसे हलतात याचा आलेख छापावा, अशी विनंती आहे. पिझोच्या आकृतीत राहून गेलेले डायोड आणि रोध यांची दुरुस्ती मात्र त्याआधीच, शक्य तितक्या लवकर प्रसिद्ध व्हावी. ती आकृती पाहून कोणी जोडणीला बसलेही असेल.

कळावे,
आपला एक नियमित वाचक