कानफ्रांकचा मार्ग का बंद पडला

पुणे

प्रिय मंदार,

सप्रेम नमस्कार.

कानफ्रांकच्या रेल्वेमार्गावरचं तुझं टिपण वाचलं. ‘पूल पडला म्हणून कानफ्रांकचा मार्ग बंद झाला’ हे वाक्य मात्र बदल. पूल पडला हे खरं, पण पडलेला पूल पुन्हा बांधता येतो. फ्रान्सने तो बांधला नाही, प्रश्न तिथे आहे.

पिरेनीज पर्वताखालून, स्पेनमधल्या कानफ्रांक या सीमेजवळच्या स्टेशनातून फ्रान्स-स्पेन जोडणारा हा मार्ग १९२८ साली सुरू झाला. फ्रान्सच्या बाजूचा चढ हजारी ४३, म्हणजे साधारण २३ला एक (२३ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर). आपला कर्जत-लोणावळा घाट ३७ला एक, आणि तिथेही मागे बँकर, म्हणजे ढकलणारी जादा इंजिनं, लावल्याशिवाय बहुतेक गाड्या चढत नाहीत! ५०० टनांची गाडी आपल्या घाटात साडेतेरा टनांनी मागे ओढते, तिथे साडेएकवीस टनांनी. त्यात हिवाळ्यात रुळांवर गोठलेलं दव; वाळू टाकूनही चाकं घसरायची. वीज आपल्या घाटात आणि त्या फ्रेंच चढावर, दोन्हीकडे १५०० व्होल्ट डीसी होती, हा योगायोग जरूर लिही.

एवढं चढून वर गेल्यावर रुळांची रुंदीच बदलते. फ्रान्सची १४३५ मिलिमीटर, स्पेनची १६६८ (आपल्या ब्रॉडगेजपेक्षा फक्त ८ने कमी). त्यामुळे कानफ्रांकला प्रवाशांनी गाडी बदलायची, माल एका वाघिणीतून दुसरीत भरायचा. २४१ मीटर लांबीचं ते स्टेशन इतकं अवाढव्य आहे त्यामागे हेही कारण आहे: एका अंगाला फ्रेंच रूळ, दुसऱ्या अंगाला स्पॅनिश, मध्ये दोघांची जकात. रुंदी इरून आणि पोर्तबू या सीमेवरच्या दुसऱ्या स्टेशनांनाही बदलते, पण ते मार्ग समुद्रालगतचे, घाटाशिवायचे. व्यापारी माल तिकडे पाठवणार हे उघड आहे. शिवाय स्पेनच्या यादवी युद्धाच्या काळात बोगदाच बंद होता. ऐन उमेदीची वर्षं गेली.

मग २७ मार्च १९७०. मका भरलेली मालगाडी चढावर थांबली, ब्रेक धरले नाहीत, गाडी उलटी सुटली आणि लेस्तांगेचा पूल घेऊन खाली गेली. जीवितहानी झाली नाही. वाहतूक आधीच तुटपुंजी, त्यामुळे दुरुस्तीचा खर्च टाळायला आयतं निमित्त मिळालं. मला हा निर्णय आजही चुकीचा वाटतो.

स्पेनकडून सारागोसाची गाडी अजून कानफ्रांकला येते. फ्रेंच बाजूला २०१६ला बेदूसपर्यंत रूळ पुन्हा सुरू झाले. पुढचा भाग जोडायचा तर पूल ही एकच अडचण नाही. जुना बोगदा आता शेजारच्या रस्त्याच्या बोगद्याची संकटकाळची वाट आहे. आधी तिची पर्यायी सोय करावी लागेल. टिपणात हेही घाल.

तुझा,
श्रीरंग