फोर्टातल्या न्यायमंदिराला सिमेंट लावू नका

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मुंबई उच्च न्यायालयाच्या वांद्रे येथील नव्या संकुलाची पायाभरणी नोव्हेंबर २०२५ मध्ये झाली. नव्या वास्तूवर भरभरून लिहिले जाते. फोर्टातली जुनी इमारत पुढे कोण, कशी सांभाळणार, हेही आताच ठरायला हवे.

कर्नल जेम्स फुलर यांच्या आराखड्यावरून एप्रिल १८७१ मध्ये सुरू झालेले हे काम नोव्हेंबर १८७८ मध्ये संपले. लांबी ५६२ फूट, रुंदी १८७ फूट. खर्च १६,४४,५२८ रुपये, म्हणजे मंजूर रकमेपेक्षा २,६६८ रुपये कमीच! पश्चिमेकडच्या दोन अष्टकोनी मनोऱ्यांत न्यायाधीशांचे स्वतंत्र जिने आहेत आणि माथ्यावर न्याय व दया यांचे पुतळे. १९०८ मध्ये लोकमान्यांवरचा खटला याच इमारतीतल्या मधल्या दालनात चालला.

भिंतींचे बांधकाम चुन्यातले, दर्शनी बाजू निळसर काळ्या पाषाणाची. खांब, कमानी आणि नक्षी यांत पोरबंदरी दगड बराच. खरी चिंता या पोरबंदरी दगडाची आहे. तो चुनखडीचा, मऊ आणि सच्छिद्र. पावसाळ्यात ओल शोषतो आणि नंतर ती चुन्याच्या दर्जांतून, म्हणजे दगडांमधल्या सांध्यांतून, बाहेर पडते. या दर्जा सिमेंटने भरल्या की ही वाट बुजते. मग ओल दगडातूनच बाहेर येते, क्षार पृष्ठभागाखाली साचून स्फटिक होतात आणि वरचा पापुद्रा सुटतो. डोळ्यावर पट्टी आणि हातात तराजू घेतलेल्या माकडासारखी शिल्पे एकदा झिजली की परत मिळत नाहीत. काळा पाषाण मात्र तसाच टणक राहतो, त्यामुळे लांबून पाहणाऱ्याला भिंत ठणठणीत वाटते.

जिथे सिमेंट भरले गेले असेल तिथे ते छिन्नीने हातानेच काढावे. यंत्राच्या पात्याने दगडाच्या कडा कापल्या जातात. दर्ज रुंदीच्या किमान दुप्पट खोल मोकळी करून, धुऊन, ओलसर असतानाच भरावी. एक भाग चुन्याला अडीच ते तीन भाग चाळलेली वाळू पुरते. काम पावसाळा संपल्यावर घ्यावे आणि वर आठवडाभर तरी ओले गोणपाट ठेवावे, कारण चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश घट्ट होतो. घाईने सुकला तर भुगा होतो. त्याआधी गळके पन्हळ दुरुस्त झाले पाहिजेत, नाहीतर सारी मेहनत पाण्यात. पिंपळाचे रोप उपटू नये, दगड सोबत येतो. बुंधा कापून मूळ औषधाने मारावे आणि पोकळी चुन्याच्या पातळ मिश्रणाने भरावी. जिन्याकडच्या मिंटन या विलायती कंपनीच्या फरशीला आम्ल तर मुळीच लावू नये.

चौरस मीटरच्या दराने मक्ता दिला की कंत्राटदाराला घाई होते आणि सिमेंट हाताशी असतेच. म्हणून निविदेतच चुन्याची अट असावी, आधी एक चौरस मीटरचा नमुना करून वारसा तज्ज्ञांकडून तो मंजूर करून घ्यावा आणि त्यानंतरच बाकीची भिंत हाती घ्यावी. २०१८ पासून ही इमारत जागतिक वारसा यादीतल्या व्हिक्टोरियन गॉथिक समूहात आहे. एवढी अट घालणे शासनाला जड नाही.

– एक वाचक, मुंबई