जुन्या डब्यांच्या सीटांकडे आधी बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रेल्वेचे जुने डबे नवे करणार म्हटलं की बाहेरचा रंग, एलईडी दिवे आणि संडासातल्या नव्या तोट्या यांचीच चर्चा होते. प्रवासी चढल्यापासून उतरेपर्यंत ज्या सीटवर बसून असतो, तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. मी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात कुशनचं काम करतो. रिक्षा, टेम्पो, ट्रॅव्हल्स अशा सगळ्या गाड्यांच्या सीटा आमच्या हाताखालून जातात, म्हणून हे लिहावंसं वाटलं.

आपण ज्यांना निळे डबे म्हणतो ते पेरांबूरच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीच्या जुन्या आराखड्याचे. त्यातला शेवटचा डबा जानेवारी 2018 मध्ये तयार झाला. डब्याचं आयुष्य साधारण 25 वर्षं धरतात. नव्या आराखड्याचे लाल एलएचबी डबे वाढत असले, तरी जुन्यातले बरेच अजून चांगले चालण्याजोगे आहेत. ते मोडीत काढावेत असं माझं म्हणणं नाही. सांगाडा धड असेल तर आतलं काम नव्याने करता येतं. भोपाळला निशातपुरा इथे रेल्वेचं यासाठीच मोठं वर्कशॉप आहे. तिथे डबा आयुष्याच्या मध्यावर पूर्ण उघडून दुरुस्त करतात. प्रश्न आहे तो उघडल्यावर काय बदलायचं आणि काय तसंच ठेवायचं याचा.

2018 साली जुने डबे सुधारण्याची ‘उत्कृष्ट’ योजना आली तेव्हा एका रेकमागे, म्हणजे गाडीच्या सगळ्या डब्यांच्या संचामागे, 60 लाख रुपये ठरले होते. वीस-बावीस डब्यांचा रेक धरला तर डब्यामागे जेमतेम तीन लाख. त्यातच बाहेरचं विनाईल, दिवे, संडासाचं काम आणि कचऱ्याचे डबे. स्लीपरच्या एका डब्यात 72 बर्थ असतात. ते फळीपासून नीट करायचे तर डब्याच्या वाट्याचा बराचसा पैसा तिथेच लागेल. माझ्या मते तो तिथेच लागावा.

आमच्या धंद्यात सीट हातात आली की आधी पुढची कड बघतात. रेक्झिन मधोमध क्वचितच फाटतं. पायपिंग, म्हणजे कडेची गोल पट्टी, लावून शिलाई मारलेली असते त्या कडेला ते जातं. बसणाऱ्याची मांडी तिथेच घासते आणि वरच्या बर्थवर चढणारा पायही तिथेच देतो. सुईची भोकं फार जवळजवळ पडली असतील तर चीर सरळ रेषेत पुढे पळते. मग डबा धुताना, पाण्याची बाटली सांडताना ओल आत शिरते. फोम वास मारायला लागतो, खालचं प्लायवूड फुगतं, पिना गंजतात. अशा फळीवर कितीही चांगलं रेक्झिन ताणून बसवलं, तरी पिना धरत नाहीत आणि काही महिन्यांत कोपरे सुटतात. म्हणून नुसतं कव्हर बदलून सीट नवी होत नाही. फोम बसला असेल तर अंगठ्याने दाबल्यावर लगेच फळी लागते. ही तपासणी कुणालाही करता येईल.

माझ्या आईला कमरेच्या दुखण्यासाठी मिरजेला न्यायचो, तेव्हा एका डब्यात जागा मिळूनही ती रुकडीपासून पुढे उभी राहिली. सीटचा फोम मधोमध खचला होता आणि खालची पट्टी टोचत होती. शेवटी शालीची चौघडी करून खाली घातली, तेव्हा कुठे जयसिंगपूरपर्यंत बसली. मिरजेच्या दवाखान्यांत जाणारी अशी माणसं या मार्गावर रोज असतात.

आणखी एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. बाजारातला साधा फोम स्वस्त मिळतो, पण तो रेल्वेच्या डब्यात कधीही जाऊ नये. तो पेटला की विषारी धूर होतो आणि बंद डब्यात माणूस भाजण्याआधी गुदमरतो. लखनऊच्या आरडीएसओ या रेल्वेच्या संशोधन संस्थेने आग लवकर न धरणाऱ्या मालाची मानकं ठरवून दिली आहेत ती यासाठीच. दुरुस्तीच्या घाईत हाताला येईल तो तुकडा आत कोंबला आणि वरून रेक्झिन लावलं, तर बाहेरून आम्हालाही तो ओळखू येत नाही. कव्हर चढवण्याआधी, फोम उघडा असतानाच तपासणी व्हायला हवी.

आपले मधू दंडवते 1977 मध्ये रेल्वेमंत्री झाले. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बर्थवर दोन इंचांचा फोम आला तो त्यांच्या काळात. त्याआधी रात्र-रात्र लोक नुसत्या फळीवर झोपून जात. त्या दोन इंचांनी सामान्य प्रवाशाला जे दिलं, ते त्यानंतरच्या कितीतरी सजावटींनी दिलेलं नाही. तो फोम आज कितपत शिल्लक आहे, हे प्रत्येक डब्यात बघायला हवं.

माझी सूचना साधी आहे. शिलाई कडेवर न घेता खाली वळवून बुडाला घ्यावी. पुढची पट्टी वेगळी शिवावी, म्हणजे तेवढीच बदलता येते. गादी बोल्टवर बसणारी करावी. अशी गादी खराब झाली की काढून दुसरी तयार गादी तिथल्या तिथे बसवता येते, डबा दीड वर्षाने मोठ्या दुरुस्तीला जाईपर्यंत प्रवाशाने फाटक्या सीटवर बसायची गरज राहत नाही. वर चढायला रुंद पायरी दिली तर कडेवर पाय पडणंही कमी होईल.

कोल्हापूर हे शेवटचं स्टेशन. बऱ्याच गाड्या इथे काही तास उभ्या असतात. तेवढ्या वेळात गाद्या बदलणं सहज जमेल. मानकात बसणारा माल आणि तपासणारा माणूस रेल्वेने द्यावा, शिवणारे कारागीर उद्यमनगरात आहेत. प्रवासी सल्लागार समितीच्या सदस्यांनी आणि आपल्या खासदारांनी पुढच्या बैठकीत हा विषय मांडावा, ही विनंती.

आपला,
एक कुशन कारागीर,
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर