गोवराची साथ संपली आहे, काळजी नसावी

लबक, टेक्सास
२४ ऑगस्ट २०२५

तीर्थरूप बाबा आणि सौ. आई यांस,
साष्टांग नमस्कार.

पोळ्याचे फोटो मिळाले. चिऊ ते पाहून दिवसभर "बैल, बैल" करत होती. आमचे सगळे नेहमीसारखेच चालू असल्याने ते पुन्हा लिहीत नाही.

बाबा, तुम्ही पाठवलेली बातमी जुनी आहे. येथील गोवराची साथ संपल्याचे राज्याच्या आरोग्य विभागाने १८ तारखेला जाहीर केले. जानेवारीच्या अखेरीपासून राज्यात ७६२ रुग्ण झाले आणि लस न घेतलेली दोन शाळकरी मुले दगावली, हे खरे आहे. परंतु साथीचा जोर सेमिनोल गावाच्या बाजूला होता आणि ते आमच्यापासून गाडीने दीड तासावर आहे. मार्चमध्ये मी फोनवर "इकडे काही नाही" असे म्हणाले, ते तुम्हाला झोप लागावी म्हणून. चिऊ तेव्हा नऊ महिन्यांची होती. एरवी येथे पहिली लस वर्षानंतर देतात, मात्र साथीच्या भागातील तान्ह्या मुलांना ती सहा महिन्यांपासूनच द्यावी असे आरोग्य विभागाने सांगितले होते, त्यामुळे तिला लस तेव्हाच मिळाली आणि वाढदिवसानंतर पुन्हा दिली. म्हणजे आपल्या अंगणवाडीत जे नवव्या महिन्यात होते, तेच झाले.

आता तुम्ही विचारता की एवढ्या शिकलेल्या देशात लोक लस का नाकारतात. येथे शाळाप्रवेशाला लसीचा दाखला लागतो, पण "सदसद्विवेकबुद्धीच्या कारणास्तव" सूट मिळते. त्यासाठी आजवर राज्याच्या आरोग्य विभागाकडून एक अर्ज टपालाने मागवावा लागे, तो आला की नोटरीसमोर सही करायची आणि शाळेत द्यायचा. कारण सिद्ध करावे लागत नाही आणि कोणी विचारतही नाही. तो कागद दोन वर्षे चालतो, मग पुन्हा नवा. सप्टेंबर २०२५ पासून तर तो घरबसल्या संगणकावरून उतरवून घेता येणार आहे. आपल्याकडे लस राहून जाते ती बहुधा मजुरी बुडते म्हणून किंवा आरोग्यसेविका पाड्यापर्यंत पोहोचली नाही म्हणून; येथे ती न घेण्यासाठी लोक खटपट करून नोटरीकडे जातात. मला हे दोन वर्षांत समजलेले नाही.

आणि ही माणसे वाईट नाहीत. आमच्या शेजारच्या आजी मी बाळंतीण असताना आठवडाभर जेवण आणून देत होत्या. त्यांच्या नातवंडांना एकही लस दिलेली नाही. लसीने स्वमग्नता (ऑटिझम) येते असे त्या मानतात. ज्या १९९८ सालच्या ब्रिटिश निबंधावरून ही भीती पसरली, तो 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला, हे सांगायला मी दोनदा तोंड उघडले आणि दोन्ही वेळा त्यांच्या हातातील डबा पाहून गप्प बसले. मार्चभर चिऊला सर्दी आहे असे खोटे सांगून मी त्यांच्याकडे जाणे टाळले.

त्यांचे यजमान कापूस पिकवतात. त्यांच्या शेतात तीन पवनचक्क्या उभ्या आहेत, त्यांचे भाडे ते घेतात आणि हवामान बदलते आहे ही सरकारी लबाडी आहे असेही म्हणतात. फेब्रुवारी २०२१ च्या गोठवणाऱ्या थंडीत वीज गेली ती पवनचक्क्यांमुळेच, हे त्यांचे ठाम मत आहे. नैसर्गिक वायूच्या विहिरी आणि वीजकेंद्रे त्याहून जास्त प्रमाणात बंद पडली होती, हे त्यांच्या कानावरून जाते. मात्र स्वतःच्या शेतावरील पावसाची नोंद त्यांनी वर्षानुवर्षे वहीत ठेवली आहे. बाबा, तुमच्या वहीसारखीच. स्वतः मोजलेल्यावर विश्वास आणि दुसऱ्याने मोजलेल्यावर संशय, एवढेच ते शास्त्र आहे.

म्हणूनच विनंती आहे की 'अ' जीवनसत्त्वाने गोवर होत नाही असा जो संदेश तुम्ही काकांना पाठवला, तो मागे घ्यावा. आपल्याकडे लसीसोबत तो डोस पाजतात म्हणून तुम्हाला ते पटले असेल, परंतु ते रोग झाल्यावरचे साहाय्य आहे, प्रतिबंध नव्हे. येथे पालकांनी ते मनाने भरपूर पाजल्यामुळे काही मुलांच्या यकृतावर परिणाम झालेला डॉक्टरांना आढळला. मी रागावलेली नाही. शेजाऱ्यांना जे सांगू शकले नाही, ते तुम्हाला तरी सांगते आहे.

दादाच्या साक्षगंधासाठी दीड लाख रुपये खात्यावर पाठवले आहेत. मुलीकडच्यांना मंगल कार्यालयाचा खर्च निम्मा द्यावा लागू नये, असे मला वाटते. तुम्ही ठरवाल ते मान्य आहे. आम्हाला दिवाळीनंतर येता येईल असे मी म्हटले होते, परंतु व्हिसाच्या मुलाखतीची तारीख मिळत नाही आणि ती मिळाल्याशिवाय निघाल्यास परतणे अवघड होईल. हे कारण खरे आहे, आई, सर्दीसारखे नाही. महालक्ष्म्यांना यंदाही माझ्या नावाने एक सवाष्ण जेवू घालावी, ही विनंती.

आपली,
वैशू