फॉरमॅट मारण्याआधी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तुझ्या हँग होणाऱ्या आणि मधूनच रीस्टार्ट होणाऱ्या कॉम्प्युटरचं अर्धवट बोलणं झालं आणि तेव्हापासून तेच डोक्यात आहे. म्हणून सविस्तर लिहितोय. दुकानदार सांगतोय म्हणून लगेच फॉरमॅट मारू नकोस, त्यात डिस्कवरचं सगळं पुसलं जातं. त्या मशीनवर आईंनी म्हटलेल्या ओव्यांची रेकॉर्डिंगं आहेत. आई आता नाहीत, तो आवाज पुन्हा कुठून आणणार? मशीन सुरू होतंय तोवर ती रेकॉर्डिंगं आधी उतरवून घे, तीही दोन वेगळ्या ठिकाणी: एक्स्टर्नल डिस्कवर आणि पेन ड्राइव्हवर. बाकीचं सगळं त्यानंतर.

तू म्हणालास, "हँग होतो." पण हँग होण्याच्या तऱ्हा असतात आणि दोष कुठे आहे ते त्या तऱ्हेवरून बरंच कळतं. पुढच्या वेळी अडकला की लगेच पॉवरचं बटण दाबून ठेवू नकोस. आधी कॅप्स लॉक दाब. कीबोर्डवरचा दिवा लागतोय-विझतोय का बघ. लागत असेल तर आतलं काम पूर्ण थांबलेलं नाही. मग विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाब. त्याने ग्राफिक्सचा ड्रायव्हर, म्हणजे स्क्रीनवरचं चित्र सांभाळणारं सॉफ्टवेअर, नव्याने सुरू होतो. स्क्रीन क्षणभर काळी होऊन सगळं चालू लागलं, तर संशय ड्रायव्हरवर किंवा ग्राफिक्स कार्डवर घ्यायचा. कॅप्स लॉकचा दिवाही ढिम्म असेल, तर रॅम, वीज, उष्णता, मदरबोर्ड यांच्याकडे वळायचं.

मला मात्र तुझ्या वर्णनातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. माउस हलतो, पण काही उघडत नाही, कॅबिनेटवरचा डिस्कचा दिवा सलग पेटलेला राहतो आणि मिनिटभराने सगळं आपोआप सुरळीत होतं. हे लक्षण बहुतेक वेळा हार्ड डिस्कचं असतं. एखादा सेक्टर, म्हणजे डिस्कवरचा माहिती साठवायचा छोटा कप्पा, वाचता येत नसला की डिस्क तिथेच पुन्हा पुन्हा प्रयत्न करत बसते आणि विंडोज तिच्या उत्तराची वाट बघत थांबतं. डिस्कची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते टाक. त्यात ०५, सी५ आणि सी७ या ओळी बघ. ०५ म्हणजे खराब झाल्यामुळे बदलून टाकलेले सेक्टर, सी५ म्हणजे वाचताना अडलेले, अजून निकाल न लागलेले सेक्टर. हे आकडे शून्याच्या वर असतील आणि दर आठवड्याला वाढत असतील, तर ती डिस्क आता भरवशाची नाही. सी७ वाढत असेल तर दोष बहुधा साटा केबलचा, म्हणजे डिस्क मदरबोर्डला जोडणाऱ्या केबलचा असतो. केबल बदलायला कितीसा खर्च? एवढ्यासाठी मदरबोर्ड गेलाय असं सांगणाऱ्यांचा मला खरंच राग येतो. सी७चा जुना आकडा केबल बदलल्यावर कमी होत नाही, तो पुढे वाढतोय का तेवढंच बघायचं.

डिस्कच जात असेल तर फॉरमॅटने काहीच साधणार नाही. विंडोज पुन्हा त्याच दुखऱ्या डिस्कवर बसेल, आणि ओव्या तेवढ्या पुसल्या जातील. विंडोजमधलं डिस्क तपासायचं 'चेक डिस्क'सुद्धा कॉपी काढून झाल्याशिवाय चालवू नकोस. सगळे सेक्टर तपासताना मरायला टेकलेल्या डिस्कवर फार ताण येतो.

आता ते अचानक रीस्टार्ट होणं. विंडोजची एररची निळी स्क्रीन न येता थेट बंद होऊन चालू होतो ना? मग आधी उष्णता. कोकणातली दमट हवा आणि धूळ मिळून पंख्यावर आणि हीटसिंकवर (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्यावर) चिकट थर बसतो. तापलेला प्रोसेसर आधी वेग कमी करतो आणि तापमान मर्यादेपलीकडे गेलं की स्वतःला वाचवायला मशीन बंद पाडतो. एचडब्ल्यूइन्फो नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये तापमान दिसतं. साफ करताना प्लग काढ, आणि ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेव. नुसतंच गरागरा फिरू दिलं तर बेअरिंग बिघडू शकतं.

तापमान ठीक असेल तर एसएमपीएस, म्हणजे कॅबिनेटमधला मशीनला वीज पुरवणारा डबा. विहिरीवरचा पंप सुरू होताना दिवे मंद होतात आणि नेमकं तेव्हाच मशीन रीस्टार्ट होतं का, यावर लक्ष ठेव. त्यातून येणारी १२ व्होल्टची लाइन ११.४ ते १२.६च्या आत राहायला हवी. एसएमपीएस स्वतः मात्र उघडू नकोस, प्लग काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये धोकादायक भार उरलेला असतो. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, 'कर्नल-पॉवर ४१' दिसलं की लोक लगेच एसएमपीएस बदलतात. त्या नोंदीचा अर्थ एवढाच, की विंडोज नीट बंद झालं नव्हतं. कशामुळे, ते ती सांगत नाही.

रॅमची परीक्षा रात्री लावून ठेव. मेमटेस्ट८६+ हे रॅम तपासायचं सॉफ्टवेअर पेन ड्राइव्हवरून सुरू होतं. त्यात एकही चूक निघाली तरी ती चालवून घ्यायची नाही. रॅमच्या दोन्ही पट्ट्या एकेक करून लाव, म्हणजे पट्टी खराब आहे की ती बसवायची खाच (स्लॉट) ते कळेल. पट्टीच्या सोनेरी कडा खोडरबराने हलक्या हाताने पुसल्यावर मशीन सुरळीत झाल्याचं मी पाहिलंय.

एका वेळी एकच बदल कर आणि दोन-तीन दिवस वापरून बघ. सगळं एकदम बदललंस आणि मशीन चालू लागलं, तर दोष कुठे होता ते कधीच कळणार नाही. वहीत तारीख-वेळ लिहीत जा. विंडोजमध्ये 'रिलायबिलिटी हिस्टरी' आहे, तिथे बिघाड झालेल्या दिवसाखाली लाल फुल्या दिसतात. त्रास सुरू झाला त्या दिवशी कुठलं अपडेट किंवा सॉफ्टवेअर आलं होतं तेही तिथेच सापडेल.

विंडोज १०चा सपोर्ट संपलाय असं दुकानदार बोलला ते खरं आहे. त्याचा नेहमीचा सपोर्ट, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून येणारी अपडेट्स, १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, त्यामुळे सुरक्षेसाठी पुढेमागे विचार करावाच लागेल. पण सपोर्ट संपला म्हणून मशीन हँग होत नसतं. त्या भीतीपोटी नवा कॉम्प्युटर घेऊ नकोस.

ओव्या उतरवून झाल्या की क्रिस्टलडिस्कइन्फोच्या खिडकीचा फोटो मला पाठव. डिस्क बदलायचीच ठरली तर एसएसडी, म्हणजे आत काही न फिरणारी वेगवान डिस्क घेऊ. गणपतीला येतोच आहे, तेव्हा चाचणीपुरता माझ्याकडचा चांगला एसएमपीएसही घेऊन येईन. तोवर रोज संध्याकाळी आठनंतर मी मोकळा असतो, कधीही फोन कर.

वहिनींना आणि काकांना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
पुण्याचा दोस्त