नवा राउटर मागवण्यापूर्वी

आंजर्ले,
१० डिसेंबर २०२४

चि. बाळास अनेक उत्तम आशीर्वाद.

ओपनडब्ल्यूआरटी वन हा नवा राउटर घरासाठी मागवू का, असे तू विचारले आहेस. तो विक्रीस आल्याचे गेल्या महिनाअखेरीस जाहीर झाले, तेव्हापासून मीही त्याची माहिती वाचते आहे. तो जरूर मागव, पण त्याने घरातल्या इंटरनेटचा वेग वाढेल या भरवशावर मागवू नकोस.

आपले घर जांभ्याचे, भिंती दीड फुटाच्या, आणि हा दगड सच्छिद्र असल्यामुळे पावसाळ्यात पाणी धरून बसतो. वाय-फायची पाच गिगाहर्ट्झची लहर अशी एक भिंत ओलांडतानाच क्षीण होते आणि दुसरीपलीकडे बहुधा पोचतच नाही, २.४ गिगाहर्ट्झची लहर अधिक तग धरते, पण तिचा वेग मुळातच कमी. ओटीवरच्या राउटरने माजघर ओलांडून माडीवर शिकवणी घेणाऱ्या ताईपर्यंत पोचावे, ही अपेक्षा कोणत्याही यंत्राकडून करणे व्यर्थ आहे. बाजारातल्या खोक्यांवर ‘एएक्स ३०००’ असे ठळक छापलेले असते, तो आकडा म्हणजे २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावरचे ५७४ आणि पाच गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावरचे २४०२ मेगाबिट यांची गोळाबेरीज. एका फोनला ती कधीच मिळत नाही. शिवाय आपली फायबर जोडणी १०० मेगाबिटची आहे. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

म्हणून आधी माडीपर्यंत केबल ओढून घेऊ आणि सध्याचा राउटर वर अॅक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे केबलमधून आलेले इंटरनेट तिथे वाय-फायने पसरवण्यापुरता, लावू. कॅट ५ई या प्रकारची नेटवर्क केबल १०० मीटरपर्यंत एक गिगाबिट वेग नेते, आपल्याला त्याच्या पाव अंतरही लागणार नाही. मात्र ती शुद्ध तांब्याचीच आण. तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची तार स्वस्त मिळते, पण ती वळणावर तुटते आणि खाऱ्या हवेत तिची टोके लवकर खराब होतात. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये इतकी वर्षे काढल्यावर जोडाच्या बाबतीत काटकसर करणे माझ्या जिवावर येते.

मग हा राउटर कशासाठी, असे तू म्हणशील. पुरवठादाराने दिलेल्या आपल्या सध्याच्या राउटरला कित्येक दिवसांत सुरक्षेची एकही सुधारणा (अपडेट) आलेली नाही, आणि त्याच जाळ्यावर (नेटवर्कवर) होमस्टेच्या पाहुण्यांचे फोन असतात व पाहुण्यांच्या ओळखपत्रांच्या प्रती ठेवलेला आपला संगणकही असतो. लोक विश्वासाने आपल्याकडे कागद देतात, त्यांची राखण करणे हे आपले कर्तव्य आहे. ओपनडब्ल्यूआरटी ही राउटर चालवणारी संगणक प्रणाली २००४ पासून स्वयंसेवकांनी सर्वांना पाहता येईल अशी खुली ठेवून वाढवली आहे. तिच्यात पाहुण्यांचे जाळे पूर्णपणे वेगळे काढता येते आणि सुधारणा एखाद्या कंपनीच्या मर्जीवर अडून राहत नाहीत. नव्या यंत्रात ही प्रणाली साठवणाऱ्या दोन स्वतंत्र फ्लॅश चिप आहेत. सुधारणा भरताना वीज गेली (आणि आपल्याकडे ती जातेच), तरी एक खटका सरकवून दुसऱ्या चिपवरून यंत्र पुन्हा उभे करता येते, ही सोय मला सर्वांत मोलाची वाटली. किंमत ८९ डॉलर, म्हणजे सुमारे साडेसात हजार रुपये. टपालखर्च आणि सीमाशुल्क निराळे. त्यातले १० डॉलर या प्रकल्पाच्या निधीला जातात, तेही मला पटते.

दोन उणिवा मात्र आहेत. त्याला २.५ गिगाबिटचे एक आणि एक गिगाबिटचे एक अशी केबल जोडण्याची दोनच पोर्ट आहेत. पहिल्यात बाहेरची जोडणी गेली की घरासाठी एकच उरते, म्हणून एका पोर्टाची अनेक करून देणारा, पाच पोर्टचा गिगाबिट स्विच सोबत घ्यावा लागेल. दुसरे असे, की तो यूएसबी-सी वाटे १२ व्होल्टवर चालतो, त्यामुळे गोल पिनेचा आपला छोटा यूपीएस त्याला थेट लागणार नाही. यूएसबी-सीमधून १२ व्होल्ट देणारा यूपीएस पुण्यात मिळतो का, ते राउटरची मागणी नोंदवण्याआधी पाहा आणि मला कळव. तोवर मी वायरमनकडून माडीपर्यंतचे माप काढून ठेवते.

कळावे.
तुझी आई