बाबा, पॅनेलवाल्याला अजून सही देऊ नका

ती. आई-बाबा यांस,
शि. सा. नमस्कार.

बाबांचं पत्र पोचलं. फोनवर तुम्ही ‘बरं आहे, तू कशी आहेस’ एवढ्यावर आटपता आणि खरे प्रश्न पत्रात लिहिता, म्हणून मीही पत्रच लिहायला बसलेय. प्रश्न चार दिसतात. छपरावर सोलर घ्यावं का, वाचनालयाच्या कमिटीत संगणकावरून जुंपलीय त्यात बाबांनी कुणाची बाजू घ्यावी, आईने यूपीआयचे पैसे आले की मोठ्याने सांगणारा तो बोलणारा डबा घ्यावा का, आणि दादाच्या पोराने एआयकडून निबंध लिहून घेतला त्याला ओरडावं का. चारही ठिकाणी माझं पहिलं विचारणं एकच आहे. वस्तू आणायला पुष्कळ जण पुढे येतात. दोन वर्षांनी तिच्याकडे कोण बघणार?

आधी सोलर. बाबा, तुम्ही लिहिलंय की कोयनेच्या पोफळी वीजघरात आयुष्य काढलेल्या माणसाला हा पॅनेल विकणारा पोरगा वीज शिकवायला आला होता. शिकवू द्या, पण त्याचं एक बोलणं साफ खोटं आहे. ‘लाईट गेली तरी तुमचे पंखे चालू राहतील’ असं तो म्हणाला ना? तुम्ही पत्राला जोडलेलं त्याचं कोटेशन साध्या ऑन-ग्रिड, म्हणजे महावितरणच्या लाइनला जोडून चालणाऱ्या इन्व्हर्टरचं आहे, त्यात बॅटरी नाही. महावितरणची लाइन गेली की असा इन्व्हर्टर आपोआप बंद पडतो, भर दुपारचं कडक ऊन असलं तरी. तसा तो पडायलाच हवा, नाहीतर खांबावर चढलेल्या वायरमनला आपल्या छपरावरून शॉक बसेल. लाइन क्लिअर, म्हणजे लाइन बंद असल्याची खात्री, मिळाल्याशिवाय कुणाला हात लावू न देणारे तुम्ही, तुम्हाला हे मी काय सांगणार. पण विकणाऱ्याला एक तर ते ठाऊक नाही, किंवा ठाऊक असून तो बोलत नाही. आपल्याकडे जून-जुलैत कुठे झाड पडलं की दोन-दोन दिवस अंधार. त्यासाठी सोलर हवं असेल तर बॅटरीवरही चालणारा हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी घ्यावी लागेल, खर्च वाढेल आणि काही वर्षांनी बॅटरी बदलण्याचा खर्च पुन्हा येईल. नुसतं बिल कमी करायचं असेल तर साधंच पुरे.

आता किती घ्यायचं. पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी 30,000 रुपये आणि तिसऱ्याला 18,000, असं मिळून जास्तीत जास्त 78,000 अनुदान मिळतं. म्हणून जो तो तीन किलोवॅट गळ्यात मारतो. एक किलोवॅट पॅनेल चांगल्या उन्हात दिवसाला साधारण चार युनिट देतं. तुमच्या दोघांच्या घरात एसी नाही, गीझर नाही, दुपारी मिक्सर आणि रात्री दोन पंखे. मागच्या वर्षभराची बिलं काढा आणि महिन्याची सरासरी पाहा. सव्वाशे युनिटच्या आत असाल तर एक किलोवॅटच्या वर जाऊ नका, आईच्या घरगुती विक्रीच्या मालाचा फ्रीज धरून फार तर दोन. सबसिडी जास्त मिळते म्हणून मोठं घेणं म्हणजे सेल लागलाय म्हणून नको असलेली साडी आणणं. पावसाळ्यात वीज बरीच कमी मिळेल, हेही हिशेबात धरा.

जागा मागच्या पडवीवरच्या स्लॅबची ठीक आहे, कौलांवर चढवू देऊ नका. फक्त तिथे दक्षिणेकडचा माड आहे. झावळीची सावली एका पॅनेलवर पडली तरी त्या ओळीतल्या बाकीच्यांचीही वीज कमी होते. तो माड तोडा असं पॅनेलवाला म्हणेल. आई म्हणेल, पॅनेल नको. मी आईच्या बाजूने. पॅनेलं पूर्वेच्या कडेला सरकवता येतात का ते आधी बघा, आणि नारळ पडून काच फुटली तर कोण भरून देणार तेही विचारा.

‘चार काचा टाकून कसली वीज होते’ हे तुमचं वाक्य मात्र मला पटलं नाही, बाबा. कोयनेचे 1960 मेगावॅट डोळ्यांपुढे असणाऱ्याला छपरावरचा एक किलोवॅट क्षुल्लक वाटणार, कबूल. पण तुमच्याच पाण्याचा हिशेब मांडा. कोयनेचं पाणी पश्चिमेला वळवायला कृष्णा पाणीवाटप लवादाने वर्षाला 67.5 टीएमसीची (अब्ज घनफुटांची) मर्यादा घातलीय. ते पाणी एकदा टर्बाइनमधून वशिष्ठीत गेलं की संपलं. म्हणजे ते कधी वापरायचं हाच प्रश्न. कळव्याच्या लोड डिस्पॅच सेंटरहून फोन आला की मशीन चढवायचं, लोड उतरला की उतरवायचं, असं तुम्ही शिफ्टमध्ये करत आलात. औष्णिक संचाला अशी चढ-उतर झेपत नाही, पाण्याचं मशीन मात्र काही मिनिटांत लोड घेतं. आता दुपारी उन्हाची वीज भरपूर येते, सौर कृषी वाहिनीमुळे शेतीपंपही दिवसा चालायला लागलेत. संध्याकाळी सात वाजता ऊन नसतं आणि घरोघरी दिवे, टीव्ही, शेगड्या एकदम लागतात. त्या वेळेला पाणी राखून ठेवायला दुपारचं सोलर मदत करतं. घाटघरच्या वीजघरात तर याच हिशेबाने पाणी खालून वर चढवतात आणि हवं तेव्हा सोडतात. 1999 साली कोयनेच्या चौथ्या टप्प्यासाठी बोगद्यातून जलाशयाच्या तळाला भोक पाडून तलाव फोडला तेव्हा तुम्ही घरी येऊन आम्हाला वहीत आकृती काढून दाखवली होती. त्या चौथ्या टप्प्याचं मोल या काचांमुळे वाढलंय, कमी झालेलं नाही.

वाचनालयाकडे येते. कमिटीचे दोन्ही पक्ष मला अर्धे बरोबर वाटतात, आणि दोघांचंही काम अर्धवट आहे. तरुण मंडळींना संगणक, वायफाय आणि अभ्यासिका हवी. तुमच्या बाजूचे म्हणतात वाचनालयाची सायबर कॅफे होईल. ‘पुस्तक कोणी मागत नाही, प्लगपॉइंट मागतात’ हे तुमचं वाक्य मी इथे स्टाफरूममध्ये वाचून दाखवलं. सगळे हसले, पण पुण्यातही तीच गत आहे. एमपीएससीची पोरं स्वतःची पुस्तकं घेऊन येतात, त्यांना टेबल, पंखा, शांतता आणि चार्जिंग हवं असतं. द्या की. घरात दोन खोल्यांत सहा माणसं असताना बसायला जागा देणं हेही वाचनालयाचंच काम आहे. बडोद्याला सयाजीरावांनी 1910 मध्ये बॉर्डन नावाचा अमेरिकन ग्रंथपाल आणून पेट्यांतून गावोगाव पुस्तकं फिरवली, तेव्हाही जुन्या वळणाच्या कुणीतरी नाक मुरडलंच असेल. वर्तमानपत्रांची खोली मात्र सोडू नका. सकाळी तिथे येणारे सगळे तुमच्या वयाचे आहेत आणि त्यातल्या निम्म्यांना दिवसभरात बोलायला दुसरं कुणी नाही.

संगणक घ्या, पण आधी यादी करा. ई-ग्रंथालय, कोहा अशी ग्रंथालयाची सॉफ्टवेअर आहेत. कोहा तर फुकट मिळतं. घोडं अडतं ते पुस्तकांची नावं टाइप करण्यावर. दाखल नोंदवहीतून एकेक ओळ उतरवून घ्यायची, आणि ती कुठल्याही संगणकावर नीट दिसणाऱ्या यूनिकोडमध्येच. तालुक्याचा डीटीपीवाला ‘मी करून देतो’ म्हणेल आणि जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून देईल. त्याच्या संगणकावर ते छान दिसेल, वाचनालयाच्या संगणकावर नुसती चिन्हं उमटतील. दुसरं म्हणजे लेखकाचं नाव एकाच पद्धतीने लिहायचं, आधी आडनाव, मग नाव, आद्याक्षरांमध्ये जागा सोडायची की नाही हेही आधी ठरवून. नाहीतर एकाच माणसाची पुस्तकं तीन ठिकाणी सापडतील आणि चौथ्या ठिकाणी सापडणारच नाहीत. हरि आणि हरी संगणकाला दोन वेगळे इसम वाटतात. हे काम करायला तुमच्याइतका चिकट माणूस कमिटीत दुसरा नाही. लॉगशीटमध्ये तासातासाचं रीडिंग भरणाऱ्याला नोंदवही जड जाऊ नये. टाइप अभ्यासिकेतली पोरं करतील, त्यांना महिन्याची फी माफ करा. तुम्ही फक्त तपासा.

स्कॅनिंगचं म्हणाल तर सगळी पुस्तकं स्कॅन करायचा तो ठराव हाणून पाडा. एक तर कॉपीराइट आहे, लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं तो चालतो. दुसरं, जी पुस्तकं इंटरनेटवर आधीच आहेत, विश्वकोशाचे खंड घ्या, ती पुन्हा करण्यात काय हशील? जे फक्त आपल्या कपाटात आहे ते करा. गणेशोत्सवाच्या स्मरणिका, शाळेची हस्तलिखित मासिकं, धरणात गाव गेलेल्यांनी दिलेले कागद, बंद पडलेल्या स्थानिक साप्ताहिकांचे गठ्ठे. तो कागद बोट लावला की तुटतो. मशीन घ्यायची गरज नाही, चांगला मोबाइल, खिडकीजवळचा उजेड आणि वर काच ठेवायला एक माणूस, एवढ्यावर होतं. नंतर त्यातली अक्षरं संगणकाकडून वाचून घेता येतात, छापील मराठी आता तो बऱ्यापैकी वाचतो. हस्तलिखितात मात्र गडबडतो, तिथे तुमच्यासारखं मोडी-बाळबोध बघितलेलं माणूसच हवं.

आणि एक प्रत चिपळूणच्या बाहेर ठेवा. 2005 मध्ये चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात, आपल्या लोटिस्मात, पुराचं पाणी शिरलं, 2021 मध्ये पुन्हा शिरलं. दोन्ही वेळी ओल्या पुस्तकांचे ढीग आपण पाहिलेत. वाळवलेलं पुस्तक फुगतं, पानं चिकटतात, मग बुरशी. आपलं वाचनालय उंचावर आहे म्हणून निर्धास्त राहू नका, आपल्याकडे छप्पर गळतं. एक हार्डडिस्क वाचनालयात, एक माझ्याकडे पुण्यात, एक क्लाउडवर. क्लाउडचं दरवर्षीचं भाडं कोण भरणार ते मात्र ठरावातच लिहून घ्या. दिलेली देणगी संपली की दुसऱ्या वर्षी सगळे एकमेकांकडे बघतात.

आई, तुझं काम सोपं आहे. डबा घे. आंब्याच्या दिवसांत ओट्यावर चार गिऱ्हाइकं उभी असताना तू हात पुसून चष्मा शोधून मोबाइल बघणार कधी? पैसे आल्याचा नुसता स्क्रीनशॉट दाखवून निघून जाणारेही असतात, डबा बोलला तरच पिशवी हातात द्यायची. भाडं महिन्याला किती ते आधी विचार. आणि पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, हे भिंतीवर लिहून ठेव. ‘फणसपोळीचे पैसे पाठवतोय, पिन टाका’ म्हणणारा चोर, मग तो कितीही गोड बोलो. गेलेच पैसे तर लगेच 1930 ला फोन. मुंबई-पुण्याच्या ऑर्डरी व्हॉट्सॲपवर घेतेस ते उत्तम, वाशीच्या दलालाचं तोंड बघावं लागत नाही. पण तुझी लाल वही बंद करू नकोस. कुणाला कुळथाचं पीठ जाडसर लागतं, कुणाच्या आमसुलांना मीठ कमी, हे यूपीआयच्या हिशेबात कुठेच येत नाही, आणि गिऱ्हाईक त्यासाठीच तुझ्याकडे येतं.

राहिला दादाचा पोरगा. ‘माझे आजोबा’ हा तो निबंध दादाने मला पाठवला. त्यातले आजोबा पहाटे उठून शेतात जातात, पांढऱ्या मिशीवर ताव देतात आणि संध्याकाळी वडाखाली नातवंडांना गोष्टी सांगतात! बाबा, तुम्हाला मिशी नाही, शेतीही नाही, आणि गोष्ट तर तुम्ही आम्हालाही कधी सांगितली नाहीत. ओरडू नका. त्याला समोर बसवा आणि तो निबंध मोठ्याने वाचायला लावा, तुमच्या तोंडावर. मग बोगद्यातल्या पॉवरहाऊसमध्ये काय दिसतं, रात्रपाळीला जेवण कुठे व्हायचं, हे त्याने विचारायचं आणि तुम्ही सांगायचं.

माझ्या कॉलेजात रोज हेच चाललंय. परवा एका मुलाने ट्रान्सफॉर्मरच्या प्रयोगाची जर्नल दिली. भाषा अशी सफाईदार की मलाही लिहिता येणार नाही. मी विचारलं, ओपन सर्किट टेस्टला, म्हणजे एक बाजू उघडी ठेवून करायच्या चाचणीला, मीटर कुठल्या बाजूला लावले होतेस? गप्प. जर्नलमध्ये बरोबर छापलं होतं, लो व्होल्टेज बाजूला, पण त्याने ते वाचलंही नव्हतं. त्याला पुन्हा लॅबमध्ये पाठवलं. तासाभराने येऊन कारणासकट सांगून गेला, कमी व्होल्टेजचा सप्लाय लॅबमध्ये सहज मिळतो आणि काम करायलाही सुरक्षित. तेव्हापासून जर्नलचे मार्क मी तोंडी उत्तरावर देते. वेळ दुप्पट जातो, वरून कुरकुर होते, पण दुसरा इलाज मला दिसत नाही.

पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडबद्दल बाबांनी खोचक लिहिलंय, की स्कॅन केला तर चाकच फिरत राहतं. ते नेटवर्कचं दुखणं. परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी आधी आपल्या शाळेच्या पुस्तकांना असे कोड लावले, नंतर राज्याने ते उचलले, 2020 मध्ये त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कारही मिळाला. तिथे त्या कोडमागे एक शिक्षक रोज उभा होता. बाकी शाळांत तसा कोण उभा आहे, यावर सगळं आहे.

गणपतीला चार दिवस आधीच येते आहे, तेव्हा नोंदवहीचा पहिला गठ्ठा मिळून तपासू. बाबांनी मोतीबिंदूचं ऑपरेशन त्याआधी उरकून घ्यावं, यावर आता चर्चा नको.

तुमची,
बेबी

ता. क. पॅनेलवाला पुन्हा आला तर त्याच्याकडून हे लेखी घ्या : लाइन गेल्यावर वीज मिळणार की नाही, वादळात टिकायला स्ट्रक्चर कसं बांधणार, शेवाळ धुवायला वर्षातून किती वेळा माणूस येणार आणि इन्व्हर्टर बिघडला तर किती दिवसांत दुरुस्त होणार. अनुदान तुमच्या खात्यात येतं, त्यामुळे त्याला बँकेचा ओटीपी सांगायचं काहीच कारण नाही. घेतलेली आणि लाइनला परत दिलेली वीज मोजणाऱ्या नेट मीटरचा अर्ज तो करतो की तुम्ही, हेही विचारा.